अण्णांच्या एकशे बारा ओळी

अण्णा पाठकांच्या एकशे बारा ओळी मी एका दुपारी, समोरचा चहा निवायच्या आत, काढून टाकल्या. वहीतल्या नव्हे, संगणकातल्या. वहीतली ओळ खोडताना निदान कागद खरखरतो. संगणकात काहीच होत नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे अण्णांच्या गमती सांगताना मला कुणी सज्जन समजणार नाही.

अण्णा संगणकाला अहोजाहो करायचे. विद्यार्थ्यांना अरेतुरे, साहेबांना पाठीमागे अरेतुरे, आणि संगणकाला मात्र 'आपण'. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दाखवणारी ओळ आली, की आम्ही सगळे चरफडायचो. अण्णा चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, परत लावायचे आणि पुढे वाकून म्हणायचे, "हं, काय म्हणताय आपण? जरा सावकाश."

मी एकदा म्हणालो, "अण्णा, ते मशीन आहे."

"असेल ना. पण माझी चूक झाली हे त्यांनी आरडाओरडा न करता, लिहून कळवलं. एवढी रीत आपल्या साहेबांना आहे का?"

अण्णा मूळचे कोपरगावचे. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील शाळामास्तर, आणि अण्णांची सगळी नोकरी उसाच्या फडात गेली. आमच्या ऊस संशोधन केंद्रात ते नोंदणीकार होते. केंद्राचं नाव सांगत नाही. राहुरीच्या बाजूला आहे एवढं पुरे. शेतकऱ्याच्या उसाचं क्षेत्र टेपनं मोजायचं, लागण कधीची, पाण्याच्या पाळ्या किती, खत कोणतं, हे सगळं वहीत उतरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही केंद्रानं त्यांना करारावर ठेवून घेतलं होतं, कारण टेप धरून उसाच्या वाळल्या पाचटात शिरणारा दुसरा माणूस मिळत नव्हता. देवळाली प्रवऱ्याकडची एक शेतकरी बाई मला म्हणाली होती, "अन्नांनी टेप लावली का बांधसुदीक सरळ हुतोय बगा."

ती वही माझ्याकडे यायची. मी केंद्रातला सांख्यिकीचा माणूस. पाणी, खत, लागणीचा महिना अशा गोष्टींवरून उसाचं एकरी उत्पन्न किती येईल, याचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा, याला रिग्रेशन म्हणतात. मी केडगावहून रोज एस.टी.नं यायचो, रिग्रेशन करायचो आणि परत जायचो. मी शेतकऱ्याचा मुलगा. पण नोकरी लागल्यापासून शेत मी आकड्यांच्या रकान्यातच पाहत होतो.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी अण्णा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "गोरक्षराव, माझ्या वहीला तुम्ही त्या पेटीत नेऊन काय करता, ते मला बघायचंय." मी हसण्यावारी नेलं. ते मात्र चार महिने रोज दुपारी येऊन सॉफ्टवेअर शिकले. एक एक आज्ञा ते टाइप करायचे, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी उगाच एकदा घसा साफ करायचे.

त्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. एखाद्या ओळीत एकच रकाना रिकामा असला, तरी ते ती अख्खी ओळ बाजूला ठेवतं आणि उरलेल्यांवर उत्तर काढून मोकळं होतं. सांगतं, पण तळाशी, बारीक अक्षरांत. अण्णांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस अस्वस्थ होते. "म्हणजे मी उन्हात तीन तास घालवून मोजलेलं शेत, केवळ लागणीचा महिना राहिला म्हणून गायब? आणि कुणी विचारायचंसुद्धा नाही?"

तेव्हापासून त्यांचे तीन प्रश्न सुरू झाले. रिग्रेशनची कसलीही अडचण घेऊन कुणीही या, अण्णा आधी हे तीन विचारायचे: "ओळी किती होत्या? ओळी किती उरल्या? गेल्या त्या कुठं गेल्या?"

मग ती सवय सगळीकडे पसरली. लग्नात ते पंगतीतली पानं मोजायचे. कोपरगावहून परत येताना एकदा एस.टी. मधल्या थांब्यावरून सुटली, तसे अण्णा उठून उभे राहिले आणि कंडक्टरला म्हणाले, "एक कमी आहे." कंडक्टर वैतागला. "बाबा, खाली बसा वो." "नाही, एक्केचाळीस होतो, एक उतरला, उरायला हवेत चाळीस. एकोणचाळीस आहेत. गेला तो कुठं गेला?" बस थांबली. मागून एक म्हातारे गृहस्थ हातात भज्यांचा पुडा धरून पळत आले. सगळी बस हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना खिडकीची जागा दिली आणि पुन्हा एकदा, पहिल्यापासून, सगळ्यांना मोजलं.

केंद्रात एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रबंधाचं काम करायला यायचे. ते माझ्याकडे कमी आणि अण्णांकडे जास्त जायचे. अण्णा वैद्यासारखे विचारायचे, "कुठं दुखतंय?" आणि लॅपटॉपचं झाकण बंद करून म्हणायचे, "आधी शेत सांग."

ऋतुजा नावाची एक मुलगी एकदा रडकुंडीला आली होती. तिच्या उत्तरात पाण्याच्या पाळ्या वाढल्या की उत्पन्न घटत होतं. "अण्णा, सॉफ्टवेअर म्हणतंय, पाणी दिल्यानं ऊस वाळतो!"

"ते खोटं बोलणार नाहीत. कोणत्या शेतांना जास्त पाळ्या दिल्या?"

"मुरमाड होती त्यांना. तिथं वाळत होता म्हणून…" ती बोलता बोलता थांबली.

"मग? दवाखान्यात जाणारी माणसं जास्त आजारी असतात, म्हणून दवाखान्यानं आजार होतो का? जमीन कसली, तो रकाना घाल आत."

दुसऱ्या एकानं क्षेत्र एकरांतही घातलं होतं आणि हेक्टरांतही. सॉफ्टवेअरनं दुसऱ्या रकान्यापुढे उत्तरच दिलं नाही. तो म्हणाला, बिघाड आहे. अण्णा म्हणाले, "एकाच माणसाची दोन पानं मांडलीस. तो एका पानावर बसला, दुसरं रिकामं राहिलं. यात वाढप्याचा काय दोष?"

या सगळ्याच्या मागे अण्णांच्या पत्नी, शैलावहिनी होत्या. अण्णा शेतात उभ्यानं लिहायचे, त्यामुळे त्यांचं अक्षर तुरीच्या काड्या पसराव्यात तसं. घरी गेल्यावर ते वाचायचे आणि वहिनी दुसऱ्या वहीत ठळक, गोल अक्षरात उतरवून काढायच्या. एखादा आकडा पटला नाही तर वहिनी लेखणी वर धरायच्या. मग दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा त्या शेतात. आमच्या हातात वही ठेवताना ते म्हणायचे, "मुख्य कार्यालयातून मंजूर होऊन आलीय."

आता माझी चूक.

त्या वर्षी उत्पन्नाच्या अंदाजाचं मोठं काम होतं. चारशे सहा शेतं. त्यांतली एकशे बारा अण्णांची, बाकीची नव्या मुलांनी मोबाईलवर मोजलेली. अण्णांच्या वहीत क्षेत्र असं लिहिलेलं असायचं: ०-३०, १-२०, २-०५. मधे आडवी रेघ. ते तसंच संगणकात भरलं तर संगणक त्यातल्या काहींच्या तारखा करायचा. २-०५ लिहिलं की दोन मे. अण्णांना गंमत वाटली. "शेताचा मुहूर्त काढला वाटतं यांनी!"

मी घाईत होतो. आठवड्याभरात आढावा बैठक होती, आणि त्यानंतर माझ्या बढतीची मुलाखत. मी एका फटक्यात सगळ्या रेघांच्या जागी टिंबं केली. तारखा गेल्या. ०-३० चं ०.३० झालं. मग रिग्रेशन लावलं, तर बरेच ठिपके आलेखाच्या डोक्यावर उडालेले. एकरी उत्पन्न असं, की तसा ऊस या जिल्ह्यात काय, कुठंच होत नाही. पाहिलं, तर सगळे ठिपके अण्णांचे. मी त्यांच्या एकशे बाराही ओळी निवडल्या आणि काढल्या. उत्तर देखणं झालं. चहा तेव्हा अजून कोमट होता.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "पाठकांच्या नोंदी का वगळल्या?"

मी मान खाली घालून बोललो असतो तरी चाललं असतं. पण समोर साहेब होते, पुढे मुलाखत होती. मी म्हणालो, "क्षेत्र चुकीचं आहे, सर. हे शेतात मोजलेलं दिसत नाही. घरी बसून लिहिलेलं दिसतंय."

अण्णा मागच्या रांगेत होते. ते उठले. "गोरक्षराव, ती मधली रेघ…"

"रेघा राहू द्या आता, अण्णा."

कुणीतरी हसलं. अण्णा तसेच क्षणभर उभे राहिले. मग "बरं" म्हणाले आणि बसले.

अहवालात मी एक वाक्य घातलं: 'एका नोंदणीकाराच्या नोंदी विश्वासार्ह न वाटल्याने विश्लेषणातून वगळल्या आहेत.' नाव नव्हतं. पण तालुक्यात टेप घेऊन फिरणारे असे नोंदणीकार किती होते? अण्णांचा करार पुढे वाढला नाही. मला बढती मिळाली.

वहिनी तेव्हा आजारी होत्या. त्या थंडीत त्या गेल्या. मी देवळाली प्रवऱ्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो. घरात दोन-चार नातेवाईक होते. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. तेच म्हणाले, "गोरक्षराव, ओळी किती उरल्या?"

मला वाटलं, दुःखानं माणूस भरकटलाय. मी हळूच म्हणालो, "दोनशे चौऱ्याण्णव."

"बरं," ते म्हणाले.

पुढे ते केंद्राच्या फाटकासमोर, महादूच्या चहाच्या टपरीवर येऊन बसू लागले. आत यायला आता कारण नव्हतं. पण विद्यार्थ्यांना कारण होतं. लॅपटॉप घेऊन पोरं तिथंच जायची. पत्र्याच्या टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी, अण्णांचा दवाखाना सुरू झाला. महादू कुरकुरायचा, "अन्ना, तुमच्यापाई लई पोरं येत्यात, पन एक चहा घेऊन दुपारपतुर बसत्यात. ह्यो काय कॉलेजचा वर्ग हाय व्हय?" अण्णा म्हणायचे, "महादबा, तू तुझी गिऱ्हाइकं मोजतोस का? सकाळी किती आली, किती टिकली?" महादू हात जोडायचा. "न्हाई बाबा. मोजायचं काम तुमी करा. मला दूध उतू जायचं भ्या हाय."

मी रोज बसमधून उतरून टपरीवरून जायचो. अण्णा रोज हाक मारायचे. "गोरक्षराव, ओळी किती उरल्या?" मी हात हलवायचो, "उरल्यात, अण्णा, उरल्यात," म्हणायचो आणि आत जायचो. वर्षाला दोन-अडीचशे दिवस तरी मी कामावर जात असेन. अशी सहा वर्षं गेली. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे.

मागच्या वर्षी ऋतुजा केंद्रात नोकरीला लागली. जुन्या कामावर नवं काहीतरी करायचं म्हणून तिनं माझी ती फाईल मागितली. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, ओळी किती होत्या?"

मी हसलो. "अण्णांची चेली शोभतेस."

"चारशे सहा होत्या, दोनशे चौऱ्याण्णव उरल्यात. गेल्या त्या मी अहवालाच्या शेवटच्या यादीत पाहिल्या." ती जरा अडखळली. "सर, त्यांच्या क्षेत्रात टिंबानंतरचा आकडा एकोणचाळीसच्या पुढे कधीच जात नाही. एकशे बारा ओळींत एकदाही नाही. चाळीस नाही, पन्नास नाही, पंचाहत्तर नाही. असं कसं?"

चाळीस गुंठ्यांचा एकर. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण तिला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. ०-३० म्हणजे शून्य एकर तीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर. एकोणचाळीस गुंठ्यांनंतर पुढचा एकर लागतो, म्हणून तिथं चाळीस येतच नाही. रेघेच्या जागी टिंब करून मी पाऊण एकराचा ऊस एकराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी जागेत कोंबला होता. आणि मग ऊस फार झाला म्हणून अण्णांना खोटं ठरवलं होतं.

वहीतली रेघ बरोबर होती. 'ती मधली रेघ' एवढंच त्यांना बोलायचं होतं.

ऋतुजा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि आम्ही दोघांनी एकशे बाराही क्षेत्रं केंद्राच्या कपाटात राहिलेल्या वहिनींच्या वहीवरून पुन्हा भरली. एक एक आकडा मी वाचायचो, ती लिहायची. रिग्रेशन पुन्हा लावलं. अण्णांचे ठिपके रेषेच्या इतके जवळ येऊन बसले, की नव्या मुलांचेच लांब वाटायला लागले.

मी साहेबांना पत्र लिहिलं. अहवालातलं ते वाक्य चुकीचं आहे, चूक माझी आहे, नोंदणीकाराची नाही, असं लिहिलं. त्यांचं नाव या वेळी लिहिलं, दिगंबर पाठक. साहेब नवे आहेत. त्यांनी वाचून विचारलं, "इतक्या वर्षांनी कशाला?" मी म्हणालो, "दुरुस्ती छापा, सर." ती छापून आली तेव्हा एक प्रत घेऊन मी देवळाली प्रवऱ्याला गेलो. त्याआधी टपरीवर पाहिलं होतं. अण्णा महिनाभर आले नव्हते. गुडघे धरलेत, असं महादू म्हणाला.

घर नीटनेटकं होतं. अण्णांनी दार उघडलं, काठी टेकत मला आत नेलं आणि स्वतः चहा केला. कप दोनच होते, पण ताटलीत ठेवण्याआधी त्यांनी ते बोटानं मोजले. टेबलावर वहिनींच्या आधीच्या वह्या वर्षावार लावलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर आमचा तो जुना अहवाल.

त्यांच्या परवानगीनं मी तो उघडला. शेवटच्या पानांवर वगळलेल्या शेतांची यादी होती. माझ्या प्रत्येक ०.३० शेजारी पेन्सिलीनं ०-३० लिहिलेलं होतं. प्रत्येक १.२० शेजारी १-२०. शेवटपर्यंत.

"हे कधी केलंत, अण्णा?"

"आला त्याच दिवशी."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "बैठकीत बोलायला उठलो, तेव्हा तुमची मुलाखत व्हायची होती. नंतर तुम्ही साहेब झालात. मग विचारत राहिलो. रोजच तर विचारत होतो, गोरक्षराव."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, "वहिनींना कळलं होतं?"

"नाही. ती रोज विचारायची, आपल्या किती ओळी कामी लागल्या म्हणून. मी सांगितलं, सगळ्या लागल्या. आयुष्यात तेवढी एकच नोंद मी न मोजता दिली." ते बशीकडे बघत म्हणाले, "शेवटची वही होती तिची. दवाखान्यातून आली की उशीवर ठेवून लिहायची. एक आकडा चुकू दिला नाही."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. मग मी पिशवीतून दुरुस्तीची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, लावला. पण कागद वाचायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"ओळी किती होत्या?"

"चारशे सहा."

"उरल्या किती?"

"चारशे सहा."

त्यांनी मान हलवली. बोट वहिनींच्या वहीवर ठेवलं. मला वाटलं, तिसरा प्रश्न आता येणार नाही. विचारायचं काही राहिलंच नव्हतं. पण त्यांनी विचारलाच, अगदी हळू.

"मधे गेल्या होत्या त्या कुठं गेल्या होत्या?"

"कुठं गेल्या नव्हत्या, अण्णा. मी काढल्या होत्या. तुम्ही बरोबर मोजलं होतं, वहिनींनी बरोबर लिहिलं होतं, आणि मी न बघता चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा."